डोळ्यांच्या साथीमागून आलेला पक्षाघात

सन १९७१ मध्ये मुंबईत डोळ्यांची साथ पसरली, तेव्हा तिच्याकडे फार गांभीर्याने पाहावे असे कोणास वाटण्याचे कारण नव्हते. डोळे लालभडक व्हावेत, पापण्या सुजाव्यात, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात रक्त उतरावे, घरच्यांनी रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा आणि आठवडाभरात सारे पूर्ववत व्हावे, इतकाच तिचा पसारा. बंगालात, ते निर्वासितांच्या लोंढ्यांचे वर्ष असल्याने, लोकांनी तिला ‘जय बांगला’ म्हटले. घानामध्ये ती १९६९ साली, मनुष्य चंद्रावर उतरला त्या सुमारास उद्भवली, म्हणून तिकडे तिला ‘अपोलो’ हे नाव पडले होते. साथीचे बारसे करण्यात जनता सरकारी दफ्तराची वाट कधीच पाहत नाही.

मात्र डोळे निवळून काही दिवस, कधी काही आठवडे लोटल्यावर, यांपैकी काहींच्या कमरेत व पायांत असह्य वेदना उठून पाय लुळे पडू लागले. पोलिओ म्हणावा, तर हे रुग्ण बहुतांशी प्रौढ होते. मज्जातंतुविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी या पक्षाघाताचा संबंध रुग्ण स्वतःही विसरून गेलेल्या त्या डोळ्यांच्या दुखण्याशी जोडला आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’मधून तो जगापुढे मांडला. कारण होते एन्टेरोव्हायरस ७०, म्हणजे पोलिओच्याच कुळातला विषाणू. १९८१ मध्ये मुंबईत साथ परतली आणि तिच्यामागून पक्षाघातही परतला.

याच शहरात पोलिओ संशोधनाचा विभाग १९४९ पासून चालू होता. त्याचेच पुढे परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारातील एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र झाले. १९९७ पासून राष्ट्रीय पोलिओ देखरेख प्रकल्पाने देशभर नवा शिरस्ता घातला: पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अकस्मात लुळा पडला, की कारण काहीही असो, वर्दी द्यावी, चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घेऊन बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत धाडावेत आणि साठ दिवसांनी मूल पुन्हा तपासावे. या चिकाटीचे फळ निर्विवाद आहे. भारतातील अखेरचा वन्य पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यास आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देशास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

तरीही एप्रिल २०१३ मध्ये अबू धाबीच्या लसपरिषदेत पोलिओच्या अंतिम निर्मूलनाची योजना जाहीर झाली व तिच्यासाठी देणगीदारांनी कोट्यवधी डॉलरांची हमी दिली, तेव्हा वाडियांचे रुग्ण कोणास आठवले असतील, याबद्दल मला शंका वाटते. कारण ते बहुतांशी पंधरा वर्षांवरील होते, आणि त्यांचा विषाणू शौचात सहसा सापडत नाही, त्याची साक्ष रक्तातील व मेरुद्रवातील प्रतिपिंडांतूनच काढावी लागते. वर्दीच्या दोन्ही अटींतून ते निसटले असते.