क्वार्टरमधली लाल तार

भिलाईचा इतिहास सांगायला बसलेला माणूस ब्लास्ट फर्नेसपासूनच सुरुवात करतो. २ फेब्रुवारी १९५५ ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, मग पोलादाची क्षमता दहा लाख टन, पंचवीस लाख टन, चाळीस लाख टन. शाळेत आम्हाला हे पाढ्यांसारखं पाठ होतं. पण याच गावात स्वयंपाकघरांतून आणखी एक भट्टी असायची, वीतभर रुंदीची. चिनी मातीची गोल प्लेट, तिच्यात नागमोडी खाच, खाचेत बसवलेली वेटोळ्यांची तार आणि खाली पत्र्याचे पाय. आम्ही तिला नुसतं हीटर म्हणायचो. खोली गरम करण्याशी तिचा काही संबंध नव्हता. तिच्यावर भात व्हायचा, दूध तापायचं, नाइट शिफ्टहून आलेल्या बाबांचा चहा व्हायचा. माझ्या हाती आलेल्या कुठल्याही स्मरणिकेत तिच्यावर चार ओळी नाहीत, म्हणून हा खटाटोप.

आमचं क्वार्टर सेक्टर ६ मध्ये. ‘या अल्लाह’ या अरबी अक्षरांच्या आकारात बांधलेल्या मशिदीमुळे हा सेक्टर बाहेरच्यांनाही ठाऊक असतो. इथे मराठी माणसं कशी आली, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नेहमी समजावून सांगावं लागतं. त्यात नवल काहीच नाही. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळच्या हाताखाली आला. २००० च्या १ नोव्हेंबरला छत्तीसगड झालं आणि राजधानी रायपूरला आली. पण भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला कारखान्यात नोकरी लागली, तर हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसून तो काही तासांत इथे उतरायचा. बाबा तसेच आले. मागून आई आली, तिच्यासोबत पाटा-वरवंटा आणि कोळशाची शेगडी.

शेगडी अंगणात पेटवायची, धूर निवळला की आत आणायची. पहाटे सहाच्या फर्स्ट शिफ्टला निघणाऱ्याचा डबा तिच्यावर करायचा म्हणजे बाईने चारला उठायचं. रॉकेलसाठी रांग. देशात इंडेनची पहिली गॅसजोडणी १९६५ साली कलकत्त्यात दिली गेली, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं गॅसला नंबर लावून वाट पाहावी लागे. टाउनशिपमधली वीज मात्र स्वस्त होती आणि तिचे पैसे पगारातून कापले जात, हातातून नोटा जात नसत. अशा घरात हीटर शिरला नसता तरच आश्चर्य. एखादी गोष्ट फुकटासारखी मिळाली की माणूस ती कशी वापरतो, हेही त्या हीटरांनी दाखवलं. वरण उतरवलं तरी तार लालच. कोण उठून बंद करणार?

तारेचं कुळ मात्र भिलाईचं नव्हतं. इथे रूळ होतात, वायर रॉड होतो, पण लोखंडाची साधी तार हवेत लालबुंद तापवत ठेवली तर गंजून, पोपडे धरून संपते. प्लॅटिनम टिकतं, पण ते परवडणार कोणाला? १९०६ साली अमेरिकेत अल्बर्ट मार्श याने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. साधारण ऐंशी भाग निकेल, वीस भाग क्रोमियम, म्हणजे निक्रोम. तापली की तिच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय धरते आणि ही साय आतल्या धातूला हवेपासून वाचवते. टोस्टर, इस्त्री, हीटर, सगळे घरोघरी पोचले ते या सायीमुळे. पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांत्सोव याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची कँथल नावाची तार काढली. तिच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय असते. आमच्या वाट्याला यातली कोणती येई, हे दुकानदार सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. ‘हजारची द्या’ किंवा ‘दोन हजारची द्या’ एवढंच, म्हणजे तितक्या वॅटची. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, बोटभर लांबीची घट्ट स्प्रिंग घरी यायची.

ती बसवण्याचं काम माझ्या आईचं. स्प्रिंग होती तशी खाचेत कोंबली तर अर्ध्या खाचेतच संपते. म्हणून ती आधी सुतळी घ्यायची, खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नागमोडी बसवायची, काढून जमिनीवर सरळ करायची. मग कॉइलची दोन टोकं धरून सावकाश, सारख्या जोराने ताणायची. सोडली की थोडी आखडते, तो अंदाज धरून पुन्हा. सुतळीएवढी झाली की थांबायची. मध्येच जोर लावला तर एका जागी वेटोळी फाकतात आणि दुसऱ्या जागी दाट राहतात. दाट जागी उष्णता कोंडते. सगळी तार लाल असताना तेवढा तुकडा पिवळसर दिसतो, आणि तार तुटते ती तिथेच. आई लहान मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देत नसे.

साफसफाई हा तर तिचा स्वतंत्र विभाग होता. हीटरचा खरा शत्रू दूध. उतू गेलं की त्यातली साखर जळून कोळसा होते, क्षार तारेला चिकटून बसतात आणि तिची साय खातात. मिठाचं वरणही तेच करतं. गरम प्लेटवर गार पाणी पडलं तर चिनी माती तडकते. म्हणून पाणी नाही, ओला फडका नाही, राखही नाही. आधी पिन काढायची, प्लेट हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबायचं, उपडी धरून हलके ठोकायची, मग जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडायचं, खाचेच्या दिशेने, तारेला आडवं न ओढता. तारेची घासणी लावली की साय खरवडली जाते आणि वेटोळी हलतात. घासणीचा एखादा तुकडा खाचेत राहिला तर पुढच्या वेळी तडतड ठरलेली. चिकटलेलं निघालंच नाही, तर भांडं न ठेवता हीटर थोडा वेळ लावायचा, खिडकी उघडी ठेवायची, धूर थांबला की बंद, आणि गार झाल्यावर पुन्हा ब्रश. शेवटी तारेची टोकं धरणारे पितळी स्क्रू पाहायचे. स्क्रू काळा पडला असेल तर तो ढिला आहे.

“आधी पिन काढ, मंग हात लाव,” हे तिचं वाक्य आम्हा भावंडांना इतक्या वेळा ऐकवलं गेलं की आम्ही तिची नक्कल करायचो. नुसतं बटण बंद करून तिचं समाधान होत नसे. पिन काढून ओट्यावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवायची, मगच ब्रश हातात. याचं कारण मला कॉलेजात कळलं. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असेल, किंवा दोन पायांची पिन उलटी लागली असेल, तर बटण बंद असतानाही उघड्या तारेत वीज हजर असते. तार लाल नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ॲल्युमिनियमचं पातेलं टेकलं की तेही जिवंत, आणि पातेल्यात स्टीलचा चमचा घालणारा हातही. आई लाकडी पाटावर उभी राहून चपला घालून ढवळायची. ओट्याजवळ चपला! तिच्या सासूला हे शेवटपर्यंत पटलं नाही.

आता माझं म्हणणं. कारखान्यात शटडाउन घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा नियम बाबा आणि त्यांच्या सोबतचे सगळे पाळायचे. परमिट, सही, टॅग. तीच माणसं घरी आली की फ्यूज उडाल्यावर किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या होल्डरमध्ये, वायरचा जाडसर तांब्याचा पेड घालून मोकळी व्हायची, म्हणजे पुन्हा उठायला नको. घरातला शटडाउन बायकांनी बसवला. डोळ्यांसमोर ठेवलेली पिन हाच त्यांचा टॅग. सुरक्षा सप्ताहात पोस्टर लागत, बक्षिसं दिली जात. या नियमाला कोणी बक्षीस दिलं नाही, कारण तो नियम आहे हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. नळ, दिवा, गळकं छप्पर यांसाठी मेंटेनन्स ऑफिसात तक्रार लिहिता यायची. हीटर ज्याचा त्याचा.

आणि नाहीच जमलं तर मार्केटमधला मिस्त्री. इस्त्री, टेबलफॅन, हीटर, मिक्सर, सगळं त्याच्याकडे. खिळ्याला कॉइल लटकवलेल्या, समोर बल्बच्या होल्डरपासून केलेला टेस्ट लॅम्प. दोन वायरी कॉइलच्या दोन टोकांना लावायच्या. बल्ब लागला तर कॉइल धड, नाही लागला तर तुटलेली. गिऱ्हाईक म्हणायचं, जोडून द्या. तो जोडून द्यायचा, पण कुरकुरत. पिळलेल्या सांध्यात तार तारेला नीट टेकत नाही, सांधाच जास्त तापतो आणि पुन्हा तिथेच तुटतो. प्रत्येक सांध्यागणिक तार आखूड होते, आणि आखूड तार जास्त वीज ओढते. २३० व्होल्टवर दोन हजार वॅटची कॉइल साधारण २६ ओमची असते, ८.७ अँपिअर घेते. तिचा पाचवा भाग कमी झाला की ती अडीच हजार वॅटची होते आणि करंट अकराच्या जवळ जातो. बाई खूश, कारण भात लवकर होतो. पिन मात्र वितळते, आणि किटकॅटमध्ये तो तांब्याचा पेड बसलेलाच असतो.

गॅस सगळीकडे पोचला तसे हीटर माळ्यावर गेले. कॉइल मात्र घरातून गेली नाही, नळीत शिरली. हिवाळ्यात बादलीत सोडायच्या रॉडमध्ये तीच तार असते. भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली आणि वर धातूची नळी. इथे दूध नाही, शत्रू चुना. बाबा निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, बोअरचं पाणी आलं आणि रॉडवर पांढरा थर धरू लागला. हा आमच्या जिल्ह्याचाच माल. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक कारखान्यात जातो आणि खनिजातली सिलिका धातुमळीत ओढून घेतो. तिथे तो कामाचा गडी. पाण्यात विरघळून आलेला तोच चुना रॉड तापला की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आतली तार जास्त तापून लवकर जाते. मग काही जण सुरीने थर खरवडतात. नळीला चीर पडली की पाणी पुडीत शिरतं आणि बादलीत वीज उतरते. पिन काढून, थंड झालेल्या रॉडचा फक्त खालचा भाग लिंबूफुलाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवला तर बुडबुडे येतात आणि थर आपसूक सुटतो. हँडल आणि वायर कोरडी राहिली पाहिजे, आणि रॉड पाण्याबाहेर कधीच लावायचा नाही.

एप्रिल २०२१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात टाळेबंदी लागली, तेव्हा घरोघरी वाफेची मशीन आली. वाफेने कोरोना बरा होत नाही. पण चोंदलेल्या नाकाला तेवढा आराम, आणि हाताला काहीतरी काम. त्या मशीनमध्ये लोकांनी ओवा, तुळस, निलगिरीचं तेल, बाम, सगळं थेट पाण्यात टाकलं. उतू गेलेल्या दुधाचीच ही गोष्ट पुन्हा: तेलाचा पापुद्रा तापल्या भागावर जळून बसतो, मशीनला करपट वास येतो. औषधासाठी वेगळी वाटी दिली असेल तर ते तिथेच घालायचं. पाणी खुणेपर्यंत, कोरडं तापू द्यायचं नाही, वापरानंतर उरलेलं ओतून टाकायचं, आणि पांढरं दिसलं की तेच लिंबूफूल. ही छोटी कॉइल बहुधा कँथलच्या जातीची.  

काही मशीनमध्ये मात्र कॉइलच नसते. दोन पट्ट्या पाण्यात उभ्या, आणि वीज एकीतून दुसरीत थेट पाण्यातून जाते. पाणी अगदी शुद्ध असेल तर वाफ जेमतेम येते. म्हणून चिमूटभर मीठ सांगतात. मूठभर घातलं तर पाणी उसळतं आणि एमसीबी पडतो. पाणी संपलं की वीज आपोआप थांबते, ही सोय. पण पाणी असेपर्यंत ते पाणीच जिवंत, बोट घालून कोमट झालं का पाहण्यासारखं नाही. शेजारच्या सूनबाईला हे सांगितलं तेव्हा तिने मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, काकू, हे उघडतं कुठून? ते उघडत नव्हतं. तळाला स्क्रू नव्हते, चिकटवलेलं होतं. मार्केटमध्ये चौकशी केली, तर मिस्त्रीच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दुकानातल्या मुलाने कॉइल म्हणजे डासांची समजून पाकीट पुढे केलं.