शिकारी कुत्र्याचा गळपट्टा: कानाकडून डोळ्याकडे

एकलव्याची गोष्ट आपण अंगठ्यासाठी लक्षात ठेवतो. त्या गोष्टीला वळण देणारा कुत्रा मात्र सहसा विसरला जातो. आदिपर्वात पांडव शिकारीला निघतात. मागून सामान घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर एक कुत्रा असतो. तो भटकत रानात पुढे जातो, एकलव्याला पाहून भुंकू लागतो, आणि परततो तेव्हा त्याच्या तोंडात सात बाण असतात. रानात काय घडले हे पांडवांनी पाहिलेले नाही आणि कुत्र्याला ते सांगता येत नाही. त्याच्या तोंडातले बाण ‘वाचून’च त्यांना उमगते की आत कोणी विलक्षण धनुर्धर आहे, आणि मग ते त्याला शोधत निघतात. याहून कितीतरी जुनी ऋग्वेदातली सरमा. पणींनी दडवलेल्या गायींचा माग काढत ती रसा नदीपलीकडे जाते. दहाव्या मंडलातल्या १०८व्या सूक्तात तिचा आणि पणींचा संवाद येतो. सरमेला वाचा आहे, पांडवांच्या कुत्र्याला ती नाही. पण मूळ प्रसंग दोन्हीकडे एकच. कुत्रा धन्याच्या नजरेपलीकडे गेला आहे, आणि तिथले वर्तमान त्याच्याकडूनच कळायचे आहे.

शिकारीच्या साहित्याचा बराचसा भाग या नजरेआडच्या काळातून जन्मला, असे मला वाटते. गेल्या वीसएक वर्षांत तो काळ, निदान काही देशांत, जवळजवळ संपुष्टात आला. तो संपवणारी वस्तू म्हणजे शिकारी कुत्र्याच्या गळ्यातला जीपीएस पट्टा. या पट्ट्याचा इतिहास यंत्राचा म्हणून सांगता येईल. मला तो ऐकण्याचा इतिहास म्हणून सांगावासा वाटतो.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग मानतात: नजरेवर धावणारे आणि वासावर धावणारे. आपल्याकडचा मुधोळ किंवा कारवानी कुत्रा पहिल्या वर्गातला. उंच, सडपातळ, लांब पल्ल्याच्या नजरेचा. दख्खनच्या उघड्या माळावर ससा उठला की त्याचा पाठलाग धन्याच्या डोळ्यांदेखत सुरू होतो आणि बहुधा डोळ्यांदेखतच संपतो. वासावर धावणाऱ्या हाउंडचे तसे नसते. तो नाक जमिनीला लावून दाट रानात शिरतो, तासन्‌तास माग सोडत नाही, आणि मैलोगणती दूर जातो. धन्याशी त्याचे नाते उरते ते फक्त आवाजाचे. म्हणून गळपट्ट्याची गोष्ट आपल्या माळावरची नाही. ती जंगलांच्या मुलखातली, विशेषतः अमेरिकेतली आहे.

अमेरिकेत हाउंड वसाहतींच्या काळापासून होते. जॉर्ज वॉशिंग्टनला कोल्ह्याच्या शिकारीचा नाद होता. १७८५मध्ये लाफायेतने त्याच्यासाठी फ्रान्समधून हाउंड पाठवले होते. त्याच्या कुत्र्यांच्या नावांत ‘म्यूझिक’ आणि ‘स्वीटलिप्स’ अशी नावे आढळतात. ही नावे निव्वळ लाडाची नाहीत. हाउंडचा आवाज ही त्याच्या परीक्षेची एक कसोटी होती. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या चौथ्या अंकात थीसिअस आपल्या कुत्र्यांची प्रशंसा करतो तीसुद्धा वेगासाठी नव्हे, त्यांचे आवाज लहानमोठ्या घंटांसारखे एकमेकांशी जुळवलेले आहेत, याचा त्याला अभिमान आहे.

इंग्लंडची ही सरदारी करमणूक अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि अॅपलेशियाच्या डोंगराळ मुलखात पोचली तेव्हा तिचे रूप पालटले. घोडे, लाल कोट गळून पडले. साधे शेतकरी आणि मजूर रात्री टेकडीवर शेकोटी पेटवून बसू लागले, आणि खाली दरीत सोडलेले त्यांचे कुत्रे कोल्ह्यामागे धावू लागले. कोल्हा मारणे हा हेतू नसेच. बसल्या जागी शर्यत ऐकायची. आता पुढे कोण आहे, कोणाचा माग सुटला, कोण खोटे भुंकतो आहे, हे आवाजावरून ठरे, आणि त्यावर वाद होत. रॅकूनच्या शिकारीत तर कुत्र्याच्या आवाजाचे व्याकरणच होते. माग काढताना तो लांबलचक, ओढलेला सूर लावतो. सावज झाडावर चढले की त्याच झाडाखाली उभा राहून आखूड, तुटक, एकसारखा भुंकतो. अंधारात दीड-दोन मैलांवरून हा बदल ओळखणारा माणूस कंदील घेऊन उठे. विल्सन रॉल्सच्या ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ (१९६१) या कादंबरीतला मुलगा आपल्या दोन कुत्र्यांच्या आवाजांवरच जगतो, असे म्हटले तरी चालेल.

ऐकण्याची ही कला जिथे अपुरी पडे तिथे साधने आली, आणि गंमत अशी की ती साधनेही आरंभी कानासाठीच होती. पक्ष्यांच्या शिकारीत ‘पॉइंटर’ जातीचा कुत्रा दाट झुडपांत शिरे. पक्ष्याचा वास लागताच तो भुंकत नाही, स्तब्ध उभा राहतो. म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधत. घंटा वाजते आहे तोवर कुत्रा शोधतो आहे. घंटा थांबली की पक्षी सापडला. शांतता हीच इथे बातमी. आपल्याकडे गुराख्याला घंटेचा नाद गुरे कुठे आहेत ते सांगतो. इथे नादाचा अभाव सांगतो.

दुसरे साधन रेडिओचे. त्याचा उगम मात्र शिकाऱ्यांकडे नाही, प्राणिशास्त्रज्ञांकडे आहे. १९६१मध्ये फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या बंधूंनी यलोस्टोनमधल्या एका ग्रिझली अस्वलिणीच्या गळ्यात रेडिओ-प्रक्षेपक बांधला. पुढच्या दोन दशकांत हे तंत्र कुत्र्यांपर्यंत आले. शिकारी एका हातात कंगव्यासारखी अँटेना धरून टेकडीवर उभा राहायचा आणि सावकाश गोल फिरायचा. ज्या दिशेला ‘टिक्‌ टिक्‌’ सर्वांत मोठी, त्या दिशेला कुत्रा. अंतर अंदाजानेच ताडायचे. डोंगरावर आदळून परतलेल्या लहरी हमखास चकवत. म्हणजे विद्युत-यंत्र आले तरी कौशल्य कानाचेच राहिले, कुत्र्याचा आवाज जाऊन त्याच्या जागी यंत्राचा आला, इतकेच.

(महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हा पट्टा शिकाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत येण्याचे कारणच उरले नाही. तो आला आणि मूळच्या जागी, वन्य प्राण्याच्या गळ्यात राहिला. २००९मध्ये विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला ‘आजोबा’ हा बिबट्या माळशेज घाटात सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलात पोचला, हे त्याच्या जीपीएस पट्ट्यामुळेच कळले. त्याच्यावर पुढे २०१४मध्ये मराठी चित्रपटही निघाला.)

कानाचे राज्य संपले ते २००० ते २००७ या सात वर्षांत. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८मध्ये गेला, आणि १९९५मध्ये ही लष्करी व्यवस्था पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभरएक मीटर इकडेतिकडे दिसे. भर समुद्रातल्या जहाजाला शंभर मीटरांनी फरक पडत नाही. डोंगरातल्या कुत्र्याबाबत तो कड्याच्या अलीकडे की पलीकडे एवढा फरक पडतो. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळलेली चूक बंद होत असल्याची घोषणा केली. त्याच वर्षी परवान्याशिवाय वापरता येतील अशा पाच रेडिओ-वाहिन्या तिथे सर्वसामान्यांना खुल्या झाल्या. या दोन सरकारी निर्णयांच्या सांध्यावर ही वस्तू उभी आहे. २००७मध्ये गार्मिन कंपनीने ‘अॅस्ट्रो’ हे उपकरण बाजारात आणले. ते कमाल दहा कुत्र्यांची जागा दर पाच सेकंदांनी दाखवी.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. उपग्रह कुत्र्याला ‘पाहत’ नाही. उपग्रह फक्त वेळेचे संदेश पाठवतात. त्यांवरून आपण कुठे आहोत याचा हिशेब पट्टाच करतो आणि तो आकडा साध्या रेडिओलहरींवरून धन्याच्या हातातल्या यंत्राकडे धाडतो. म्हणजे एका अर्थी कुत्रा अजूनही स्वतःच ओरडून सांगतो आहे की मी इथे आहे. फक्त ते ओरडणे माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. हातातल्या पडद्यावर एक लहानसे चित्र येते. कुत्रा धावतो आहे, बसला आहे, पक्ष्यासमोर स्तब्ध आहे, झाडाखाली उभा आहे, या सर्वांची वेगवेगळी चित्रे. पिढ्यान्‌पिढ्या टेकडीवर बसून शिकलेले आवाजाचे व्याकरण चारपाच चित्रांत मावले.

साहित्याच्या वाचकाला इथे फॉकनर आठवल्यावाचून राहत नाही. ‘गो डाऊन, मोझेस’ (१९४२) या पुस्तकातल्या ‘द बेअर’मध्ये कोवळ्या वयाचा आयझॅक मॅकॅस्लिन ओल्ड बेन या जुन्या अस्वलाला पाहायला रानात जातो. तो बंदूक मागे ठेवतो, तरी अस्वल दिसत नाही. मग घड्याळ आणि होकायंत्रही झुडपाला अडकवून पुढे जातो, वाट चुकतो, आणि त्या चुकलेल्या अवस्थेतच त्याला अस्वल दिसते. हातात अॅस्ट्रो असलेल्या आयझॅकची कल्पना करून पाहावी. अमेरिकेतल्या ‘न्याय्य पाठलागा’च्या विचाराचे मूळ थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबकडे जाते. सावजाला निसटण्याची खरीखुरी संधी असली पाहिजे, असे तो विचार सांगतो. पट्टा ती संधी कमी करतो, हा आक्षेप उघडच आहे. अस्वल झाडावर चढले आहे हे जीपमध्ये बसून कळणार असेल तर पाठलाग कुत्र्याने केला आणि माणसाने फक्त हजेरी लावली, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

पण मला या बाजूने फार हळवे होणे पटत नाही. शेकोटीभोवतीच्या त्या सुरेल रात्रींची किंमत कोण मोजत होते? पहाटे जे कुत्रे परतले नाहीत, ते. कोणी महामार्गावर ट्रकखाली येई, कोणी अनोळखी ओढ्यात अडके, कोणी दोन दिवसांनी भुकेला, पाय रक्ताळून परक्या अंगणात सापडे. स्कँडिनेव्हियात मोकळे सोडलेले शिकारी कुत्रे लांडग्यांच्या तोंडी जातात. तिथल्या शिकाऱ्याला पट्टा हे चैनीचे यंत्र वाटत नाही. फॉकनरच्या मुलाने होकायंत्र टाकले ते स्वतःच्या जिवावर. कुत्र्याच्या वतीने त्याचे होकायंत्र टाकून देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न शिकारसाहित्याने विचारलेला मला आठवत नाही. अर्थात, ज्या अस्वलामागे तो कुत्रा सोडला जातो त्याच्या वतीने बोलणारे तर त्याहूनही कमी.

आणखी एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जुन्या व्यवस्थेत धन्याचे अज्ञान हेच त्याचे कवच होते. दक्षिणेतल्या राज्यांत हरणामागे सोडलेले कुत्रे हमखास दुसऱ्याच्या जमिनीत शिरत. त्यावर शिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असे की कुत्र्याला पाटी वाचता येत नाही. हा युक्तिवाद लबाडीचा होता तसाच थोडा खराही होता. शिकाऱ्यांत अनेकांकडे स्वतःचे रान नव्हते. कुत्र्याला हद्द नसणे हाच त्यांचा रानावरचा हक्क होता. व्हर्जिनियाच्या कायद्यात तर याला मान्यताच आहे. दुसऱ्याच्या जमिनीत पाठलाग सुरू झाला आणि कुत्रे बंदी असलेल्या जमिनीत गेले, तर कोल्हा आणि रॅकून यांचे शिकारी त्यांच्यामागे जाऊ शकतात. बाकीचे शिकारीही कुत्रे आणायला जाऊ शकतात, मात्र बंदूक वा धनुष्य न घेता, आणि मालकाने विचारल्यास नाव सांगून.

पट्ट्याने कुत्र्याला पाटी वाचायला शिकवले नाही. धन्याला मात्र ती लांबून दिसू लागली. पुढे पडद्यावरच्या नकाशांत जमिनींच्या हद्दी आणि मालकांची नावेही आली. कुत्रा कोणत्या क्षणी कुंपण ओलांडतो हे आता धन्याला ठाऊक असते. आणि ठाऊक असून तो काय करतो? या प्रश्नाला यंत्राने आणखी एक, अधिक अस्वस्थ करणारे उत्तर दिले. गार्मिनने २०११मध्ये ट्राय-ट्रॉनिक्स ही विजेच्या धक्क्याचे प्रशिक्षण-पट्टे बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली, आणि २०१३मध्ये ‘अल्फा’ हे उपकरण आणले. जागा दाखवणारा आणि धक्का देणारा पट्टा एकच झाला. दिसेनाशा झालेल्या कुत्र्याला मैलभरावरून बटन दाबून थांबवता येऊ लागले. वेल्सने २०१०मध्येच कुत्र्यामांजरांना असे धक्क्याचे पट्टे घालण्यावर बंदी आणली होती. अमेरिकेतल्या जमीनमालकाला मात्र हेच बटन न्यायाचे वाटते: थांबवता येत होते, मग का थांबवले नाही? ज्या गरीब शिकाऱ्याने कुत्रा हरवू नये म्हणून पैसे साठवून पट्टा घेतला, त्याच्याच विरुद्ध तो पट्टा साक्षीदार झाला. रात्रभराची धाव यंत्रात रेघ होऊन साठते. ती आवाजासारखी हवेत विरत नाही, आणि शेकोटीभोवतीच्या कथेसारखी दर वेळी थोडी बदलतही नाही.

टेकडीवर बसणाऱ्यांनी ‘माझाच कुत्रा पुढे होता’ हा वाद वर्षानुवर्षे चालवला, कारण तो मिटवण्याचे साधन नव्हते. आता साधन आहे, आणि वाद वेगळ्या जागी सरकला आहे. कुंपणापाशी सापडलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा कोणीतरी कापून टाकतो, पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, आणि धनी त्या शेवटच्या ठिपक्यापाशी जाऊन पाहतो तर तिथे काहीच नसते. हे इतक्यांदा घडले असावे की व्हर्जिनियाच्या कायद्यात कुत्र्याच्या गळ्यातला प्रक्षेपक धन्याच्या परवानगीवाचून काढणे हा कुत्र्याच्या चोरीहून वेगळा, स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदवावा लागला.