समुद्राकडून मोजलेला ‘तिसरा’ अडथळा

धानोऱ्याच्या परिसरातून वाहणारी कठाणी गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. चपराळ्याजवळ वैनगंगेत वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीत शिरते. म्हणजे धानोऱ्यात पडलेला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातल्या इंजिनिअरांनी हीच वाट उलट्या दिशेनं चढायची ठरवली: समुद्रावरून बोटी आणायच्या, गोदावरीतून प्राणहितेत घालायच्या आणि तिथून वर्धेच्या कापूसप्रदेशापर्यंत न्यायच्या. योजना फसली. तिनं दिलेली नावं मात्र कागदांवर राहिली, आणि ती नीट वाचली तर त्या कागदांच्या लेखकांची पाठ कुठे होती आणि तोंड कुठे, हे कळतं.

नदीत खडकांचे तीन मोठे पट्टे होते. इंग्रजी कागदांत त्यांना ‘बॅरिअर’ म्हटलं आहे. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेत देवलमरीला. आज देवलमरी अहेरी तालुक्यात आहे. या क्रमांकांचा आरंभ समुद्राकडून होतो. वैनगंगेवरून खाली उतरणाऱ्या माणसाला आधी लागतो तो देवलमरीचा खडक. कागदात तोच शेवटचा. अहेरीच्या जंगलातलं सागवान पाण्यावरून खाली किनाऱ्याकडे जात असे, म्हणजे इथल्या मालाची वाट वरून खाली होती. मोजणी मात्र खालून वर झाली.

आणखी एक खूण आहे, आणि माझ्या मते ती अधिक बोलकी आहे. तिसरा अडथळा मुळात गोदावरीत नाहीच, प्राणहितेत आहे. तरी सगळ्या कामाचं नाव ‘गोदावरी नौकानयन’. नदी संगमाच्या वर पश्चिमेकडे वळून नांदेड, पैठण, नाशिककडे जाते, हे इंजिनिअरांना ठाऊक नसणं शक्य नाही. पण त्यांच्यापुढे नदीचा उगम नव्हता. त्यांच्यापुढे हिंगणघाटचा कापूस होता. ज्या पाण्यातून बोट कापसापर्यंत पोहोचेल, ती त्यांची गोदावरी.

याच चष्म्यातून ‘अप्पर गोदावरी’ या जिल्ह्याच्या नावाकडे पाहावं लागतं. निजामाशी 1860 मध्ये झालेल्या तहानं डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांकडे आला, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, आणि सिरोंचा मुख्य ठाणं असलेला हा जिल्हा उभा राहिला. मराठी वाचकाला नाव खटकतं. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली नदी सिरोंच्यापर्यंत येईतो निम्म्याहून अधिक वाट चालून आलेली असते. मग ती ‘वरची’ कशी? इंजिनिअर ऑर्थर कॉटननं 1852 मध्ये पुरं केलेलं धवळेश्वरमचं धरण आणि त्याखालचा त्रिभुज प्रदेश पायाशी धरला, की सिरोंचा वर जातं. नाव किनाऱ्यावर उभं राहून दिलेलं आहे.

कॉटनचा आग्रह, कॅप्टन हेगची पाहणी आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा पाठिंबा, यांवर काम चाललं. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध होतं, मँचेस्टरला कापूस हवा होता. त्या वर्षांत या वाटेला किंमत होती. खडकाला वळसा घालून कालवा काढायचा, बंधारा आणि जलपाश (लॉक) बांधायचा, असा बेत होता. दुम्मागुडेमला बरंच बांधकाम झालं. वरच्या टप्प्यांतून अखंड वाट कधी खुली झाली नाही. मुळात ही नदी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात वाळूत पसरते, त्यामुळे खडक हटवूनही वर्षाचे काही महिनेच बोटी चालल्या असत्या. अशात 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला पश्चिमेचा समुद्र जवळ झाला. 1871 मध्ये सरकारनं काम सोडून दिलं.

तीनच वर्षांनी, 1874 मध्ये, जिल्हाही मोडला. खालचे तालुके मद्रासकडे गेले, सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. दोन्ही घटनांतलं कार्यकारण मी सिद्ध झालं असं म्हणणार नाही. पण ज्या वाटेच्या नजरेनं जिल्ह्याला नाव मिळालं, ती वाट मिटल्यावर तो तुकडा प्रशासनाला वेगळा ठेवावासा वाटला नाही, हे अनुमान मला सयुक्तिक वाटतं.

चार्ल्स ग्रँटनं संपादित केलेलं मध्य प्रांताचं गॅझेटिअर 1870 चं, म्हणजे काम थांबण्याच्या आदल्या वर्षीचं. चांद्याचं गॅझेटिअर 1909 चं. गडचिरोलीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा कागदांत ‘दुसऱ्या अडथळ्याच्या वर’ असं वाचलं, तर इंद्रावतीच्या संगमाकडून सिरोंच्याच्या दिशेला पाहायचं. आणि ‘तिसऱ्याच्या वर’ म्हणजे चपराळ्याकडे, वैनगंगेकडे.