तलवारीच्या पात्यापासून तंबोऱ्याच्या तारेपर्यंत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु हातात कानस आणि करवत घेऊन बसलेल्या माणसांनीही इतिहास घडविला आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज येथील सतारमेकरांचा इतिहास असाच आहे, आणि तो प्रत्येक घरात वाचला जावा अशा योग्यतेचा आहे.

ही मंडळी मूळची शिकलगार. 'सैकल' म्हणजे झिलई. शस्त्रांना धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. १८१८ साली पेशवाई संपली, संस्थानिकांच्या फौजा आटल्या आणि तलवारीचे काम कमी कमी होत गेले. पिढीजात धंदा बसला की माणूस एकतर नशिबाला दोष देतो किंवा आपल्या हातातील कसबाला नवे काम शोधतो. फरीदसाहेब शिकलगार यांनी दुसरा मार्ग धरला. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गानप्रेमी होते. त्यांच्या आश्रयाने गवई मिरजेत येत. त्यांची वाद्ये दुरुस्त करता करता, सुमारे १८५० च्या सुमारास, फरीदसाहेबांनी नवी वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. पुढे धंद्यावरूनच 'सतारमेकर' हे आडनाव रूढ झाले.

आता दुकानात डोकावू या. दारातच दोरीला टांगलेले मोठमोठे भोपळे दिसतील. हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा. पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठी तो पिकतो. वाळलेला भोपळा कापून आतील गर व बिया काढतात, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आत काठ्यांचे ताण देऊन हवा तसा आकार आणतात. मग तो पुन्हा वाळवावयाचा. त्यावर तून लाकडाची तबली आणि पोकळ दांडी सरसाने जोडतात. एक कारागीर खुंट्या बसवितो, दुसरा नक्षी कोरतो, तिसरा लाखेचे पॉलिश चढवितो. पावसाळी दमट हवेत पॉलिश नीट बसत नाही, म्हणून ऊन पाहून काम करावे लागते. असा एक तंबोरा पुरा होण्यास कित्येक आठवडे लागतात.

सर्वांत अवघड काम शेवटी येते. ते म्हणजे जवारी. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा किंचित उताराचा घासावा लागतो. उतार बरोबर जमला की तार घोडीला अलगद स्पर्श करीत झणकारते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमटतात. केसाएवढे जास्त घासले गेले तरी आवाज बिघडतो. येथे मोजपट्टी उपयोगी पडत नाही. कारागिराचा कान हीच मोजपट्टी. पात्याचा किती अंश काढावा हे ज्या हाताला ठाऊक होते, तोच हात येथे कामी आला! पूर्वी घोडी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असे. कायद्याने त्यावर बंदी आल्यावर कारागिरांनी हाड, लाकूड आणि कृत्रिम पदार्थांवर हात बसविला.

सतार व तंबोरा सर्वांच्या परिचयाचे. पण वाद्यांचे घराणे याहून मोठे आहे. चपट्या, कासवाच्या पाठीसारख्या भोपळ्याची कच्छपी सतार. सतारीहून थोर, खर्जात बोलणारा सूरबहार. दोन भोपळ्यांची रुद्रवीणा. सतारीसारखे पडदे असूनही गजाने वाजणारा, चामड्याने मढविलेला दिलरुबा. आणि त्याचाच भाऊ, मोराच्या आकाराचा ताऊस. गवई मांडीवर घेऊन छेडतात ते स्वरमंडळ वेगळेच. शिवाय वारकऱ्यांची भजनी वीणाही मिरजेत घडते. पंढरपूरकडचा भोपळा मुसलमान कारागिराच्या हातून वीणा होऊन पुन्हा पंढरीच्या वाटेला लागतो, यापरते एकोप्याचे उदाहरण कोणते द्यावे?

या कारागिरीला गवयांची साथ लाभली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते; त्यांच्यापाशी शिकून विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तेथे गायनसेवा होते. कानाचा पक्का गवई शेजारी असला की कारागिराला चूक झाकता येत नाही. मिरजेचा तंबोरा नावारूपाला आला, त्यात या शेजाराचाही वाटा आहे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट! परंतु मानांकनाने कारागीर निर्माण होत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मग तो मोबाइलमध्येही आला. दिवसभर पाठ वाकवून मिळणारी मजुरी पाहून मुले दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळतात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? प्रश्न असा आहे की, जवारीची विद्या कोणत्याही पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही. ती जाणत्याच्या हातात आहे, आणि हातासोबतच ती जाईल.

पालकहो, मुलांना अवश्य शिकवा, पदवीधर करा. पण 'शीक, नाहीतर हातोडी घेऊन बसावे लागेल' असे त्यांना सांगू नका. त्या वाक्याने मुलाच्या मनातून आजोबा उतरतात. ध्वनिशास्त्र शिकलेला मुलगा जवारीचे मोजमाप करू शकेल, वाणिज्य शिकलेली मुलगी दूरदेशी वाद्ये पाठवू शकेल. शिक्षण आणि कसब यांची गाठ घालणे आपल्या हाती आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी सतारी नसतील. पण कोणाकडे विणकाम असेल, कोणाकडे तांबटकी, अत्तर किंवा शिवणकाम असेल. या सुट्टीत एक वही घ्या. आजोबा-आजींना विचारा: धंदा कोणी सुरू केला, कोणती हत्यारे लागत, कोणत्या कामाला काय म्हणत? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. फरीदसाहेबांनी हातातील कसब वाया जाऊ दिले नाही. आपण निदान त्याची आठवण वाया जाऊ देऊ नये.