आकड्यांचा पहारा

पडक्या वाड्याचे तळघर, मोहरांचे हंडे, त्यांवर वेटोळे घालून बसलेला नाग आणि पायाळू माणसाच्या डोळ्यांत घातलेले अंजन! गुप्तधनाच्या अशा गोष्टी आपण आजीच्या मांडीवर बसून ऐकल्या आहेत. अमेरिकेतील एका गुप्तधनावर मात्र नाग नाही. तेथे राखणीला बसले आहेत नुसते आकडे.

१८८५ साली व्हर्जिनियातील लिंचबर्ग गावी ५० सेंट किमतीची एक पुस्तिका विक्रीस आली. तीतील हकीकत अशी: टॉमस बील नावाचा एक उमदा प्रवासी रॉबर्ट मॉरिस यांच्या हॉटेलात उतरत असे. १८२२ मध्ये त्याने एक कुलूपबंद लोखंडी पेटी मॉरिसच्या हवाली केली. मागाहून पत्राने कळविले, ‘दहा वर्षांत मी परतलो नाही, तर ही उघडावी. आतील लिखाणाची किल्ली टपालाने येईल.’ बील आला नाही आणि किल्लीही आली नाही. मॉरिसने मात्र ती पेटी १८४५ पर्यंत उघडली नाही!

आत पत्रे होती आणि आकड्यांनी भरलेले तीन कागद. बील व त्याच्या सोबत्यांना सांता फेच्या उत्तरेस सोने सापडले होते. ते त्यांनी बेडफर्ड परगण्यात पुरून ठेवले होते. पहिल्या कागदात जागा, दुसऱ्यात मालाची मोजदाद, तिसऱ्यात वारसांची नावे.

मॉरिसने हे कागद १८६२ साली एका स्नेह्याला दिले. त्याने दुसरा कागद सोडविला. युक्ती साधी होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांना ओळीने क्रमांक द्यायचे आणि आकड्याच्या जागी त्या शब्दाचे पहिले अक्षर घ्यायचे. ११५ वा शब्द ‘इन्स्टिट्यूटेड’, म्हणून ‘आय’. ७३ वा ‘होल्ड’, म्हणून ‘एच’. अशा रीतीने सारा मजकूर उलगडला: सोने २९२१ पौंड, चांदी ५१०० पौंड, शिवाय जडजवाहीर. म्हणजे नुसते सोनेच सव्वातेरा क्विंटल!

मग काय विचारता! पण पहिल्या कागदातील ५२० आकडे आजतागायत कोणाला दाद देत नाहीत. १९८० साली जेम्स गिलॉगली यांनी त्यांना तोच जाहीरनामा लावून पाहिला. अर्थ निघाला नाही. पण एके ठिकाणी अक्षरे जवळजवळ मुळाक्षरांच्या क्रमाने रांगेत उभी राहिली. खऱ्या मजकुरात असे आपोआप घडणे कठीण. म्हणून सारे प्रकरणच बनावट असावे, असे अनेक जाणकार मानतात. तरीही बेडफर्डच्या टेकड्यांत कुदळी चालतच राहिल्या.

गंमत अशी, की त्या पुस्तिकेच्या निनावी लेखकाने वाचकांना आधीच बजावले होते. या नादापायी आपली सुस्थिती गेली आणि घरच्यांना दारिद्र्य भोगावे लागले, असे तो सांगतो. पोटापाण्याच्या उद्योगातून उरेल तेवढाच वेळ याला द्या, आणि वेळ उरत नसेल तर हे सोडून द्या, हा त्याचा सल्ला. लोकांनी सोन्याचे आकडे तेवढे वाचले. हा इशारा वाचला नाही.

हकीकत खरी असो वा रचलेली, तीत दोन माणसे भेटतात. एकाने परक्याची पेटी तेवीस वर्षे जपली आणि तो सुखाने निजला. दुसऱ्याने ती उघडलेली पाहिली आणि त्याची झोप कायमची उडाली. पेटी तीच होती.