रूळ पूर्वेला, माणसे पश्चिमेला

बीड शहरात वाढलेल्या माझ्या पिढीसाठी 'स्टेशन' हा शब्द परगावचा होता. गावात होता तो स्टँड. स्टेशन म्हणजे परळी, नाहीतर जालना किंवा नगर. लहानपणी वैद्यनाथाच्या दर्शनाला परळीला गेलो की मंदिरापेक्षा मला स्टेशनाची ओढ अधिक असे. परळी आपल्याच जिल्ह्यात, मग रेल्वे आपल्या गावाला का नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

परळीत रेल्वे आली ती दोन दिशांनी आणि दोन मापांनी. परभणीहून गंगाखेडमार्गे मीटरगेजचा फाटा १९२९ मध्ये पोचला. विकाराबादहून निघालेला ब्रॉडगेज मार्ग १९३० मध्ये बीदरला आणि १९३२ मध्ये परळीला आला. मधल्या काळातच, १९३० साली, निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून कारभार आपल्या ताब्यात घेतला होता. अशा रीतीने परळी हे जंक्शन झाले, पण विचित्र जंक्शन. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चालत नाही. त्यामुळे एका बाजूने आलेला माल इथे उतरवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या डब्यांत भरायचा. दोन रूळ एका गावात भेटले, पण जोडले गेले नाहीत. परभणीकडचा मार्ग रुंद होऊन हा खोळंबा संपायला १९९० चे दशक उजाडले.

नकाशा उघडून पाहिला की या रुळांचा कल ध्यानात येतो. विकाराबाद हे वाडी-सिकंदराबाद मार्गावरचे स्टेशन. तिथून राजधानी जवळ. परभणी मनमाड-सिकंदराबाद मार्गावर. म्हणजे परळीचे दोन्ही रूळ शेवटी हैदराबादकडेच वळणारे. जिल्ह्याच्या पश्चिमेला मात्र संस्थानाची हद्द संपत होती आणि पलीकडे इंग्रजी मुलुखातले अहमदनगर होते, जिथे दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून धावत होती. माझा तर्क असा की, परळीहून बीडमार्गे नगर गाठणारा रूळ टाकला असता तर जिल्ह्यातला माल मुंबईच्या वाटेला लागला असता, आणि हैदराबादच्या दरबाराला त्यात फारसे स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. अंबाजोगाईला घाटनांदूर हे जवळचे स्टेशन तरी मिळाले. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बीडला काहीच नाही.

१९४८ साली हद्द पुसली गेली. रूळ होते तिथेच राहिले. माणसे मात्र पश्चिमेला जात राहिली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार चढवून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. बैल, भांडी, लेकरे, सरपण असा हा प्रवास प्रवासी गाडीत मावणारा नाही, हे खरे; रेल्वे आली की कोयता सुटेल, असे भाषणांतून ऐकू येणारे गणित मला कधीच पटलेले नाही. पण जिल्ह्याची पावले कुठे वळतात आणि रूळ कुठे वळले होते, यातली तफावत त्या ट्रकांच्या रांगा दरवर्षी दाखवत आल्या.

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. तेव्हाचा खर्च सुमारे ३५३ कोटी रुपये. मागणी त्याहून जुनी. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे अशा निरनिराळ्या पक्षांच्या नेत्यांनी ती लावून धरली. पुढे निम्मा खर्च राज्याने उचलायचे ठरले, भूसंपादन रेंगाळले आणि आकडा ४,८०० कोटींच्या घरात गेला. आष्टीपर्यंत गाडी आली ती २३ सप्टेंबर २०२२ रोजी. तिथून विघनवाडी, रायमोहा, राजुरी अशी एकेक गावे मागे टाकत ती बीडला पोचायला आणखी तीन वर्षे लागली.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बीड-अहिल्यानगर गाडीला हिरवा झेंडा दाखवला. मंजुरीपासून तीस वर्षे. मंजुरीच्या वर्षी जन्मलेल्या मुलांना आता स्वतःची मुले आहेत. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांनी कुठेही जायचे नसताना स्टेशनावर जाऊन गाडी पाहिली. मीही पाहिली.

हे लिहीत असताना बीड ते परळी या टप्प्याचे काम चालू आहे. परळी स्टेशन दक्षिण-मध्य रेल्वेचे, बीडचे मध्य रेल्वेचे. एकाच जिल्ह्यातली ही दोन स्टेशने अजून एकमेकांना ओळखत नाहीत. सडकेने अंतर आहे सुमारे ९० किलोमीटर. आज रेल्वेनेच जायचा हट्ट धरला, तर बीडहून आधी पश्चिमेला अहिल्यानगर गाठायचे, तिथून मनमाड, मग छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, आणि शेवटी परळी.