अडगावच्या तोफा: दोन कागदांची साक्ष

29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावसमोर झालेल्या लढाईबद्दल एकाच माणसाने दोन कागद लिहून ठेवले आहेत. माणूस म्हणजे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूमुळे जगाला माहीत झालेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पहिला कागद 30 नोव्हेंबरचा, गव्हर्नर जनरलला पाठवलेला सरकारी अहवाल. हा गव्हर्नर जनरल त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. दुसरा कागद 2 डिसेंबरचा, भावाचा खासगी चिटणीस मेजर शॉ याला लिहिलेले पत्र. मध्ये जेमतेम दोन दिवस गेले आहेत, पण दोन्ही कागदांतली लढाई सारखी नाही.

अहवालात एक साधे वाक्य येते. आघाडीवर चाललेल्या पायदळाच्या काही भागात थोडा गोंधळ झाला, म्हणून फळी उभी करायला वेळ लागला, एवढेच. शॉच्या पत्रात या 'थोड्या गोंधळा'चा उलगडा होतो. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच जवळजवळ तीन अख्ख्या पलटणी मोडल्या आणि पळत सुटल्या. या पलटणी कच्च्या नव्हत्या. दोनच महिन्यांपूर्वी, 23 सप्टेंबरला असईच्या लढाईत त्यांनी याहून भयंकर मारा सोसला होता. वेलस्ली योगायोगाने जवळच होता, त्याने त्यांना थोपवून पुन्हा उभे केले. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशी कबुली तो पत्रात देतो.

इंग्रजांकडे नव्या बंदुका होत्या, आपल्याकडे जुनी हत्यारे होती, म्हणून वऱ्हाड गेले, असे आपण सहज म्हणून जातो. कागद नीट वाचले तर ते टिकत नाही.

आधी जागा पाहू. युद्ध शिंदे आणि नागपूरकर भोसले या दोघांशी चालू होते. दौलतराव शिंद्यांशी 23 नोव्हेंबरला तहकुबी झाली होती. तिच्या अटीप्रमाणे त्यांची फौज एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, पूर्वेला दूर जायला हवी होती. प्रत्यक्षात ती शिरसोलीला होती, भोसल्यांच्या तळापासून चारेक मैलांवर. नकाशा उघडला की शिरसोली आणि अडगाव दोन्ही अचलपूरच्या पश्चिमेला दिसतात. भोसले तर तहकुबीत नव्हतेच. तरीही शिंद्यांचे वकील इंग्रज छावणीत बसून हल्ला करू नका म्हणून विनवत होते. पूर्वेला जायचा करार, फौज पश्चिमेला आणि वकील शत्रूच्या गोटात, असा हा कारभार. माझ्या मते लढाईचा निम्मा निकाल तिथेच लागला होता. संध्याकाळी लढायचे आहे की बोलायचे आहे, हे शिंद्यांच्या स्वारांना कोणी नीट सांगितले असेल असे वाटत नाही.

वेलस्लीची फौज त्या दिवशी लांबची मजल मारून आली होती. कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळाली होती. स्टीव्हन्सन इतका आजारी होता की तो हत्तीवर बसून लढाईत आला. छावणी टाकायच्या बेतात असताना वेलस्ली एका गावच्या उंच बुरुजावर चढला. इंग्रजी लेखनात त्या गावाचे नाव 'पॅटर्ली' झाले आहे. तिथून सहा मैलांवर, अडगावच्या पुढच्या मैदानात, मराठ्यांची फळी त्याला दिसली. लांबी सुमारे पाच मैल, पाठीशी गाव, बागा आणि कुंपणे. उजव्या अंगाला शिंद्यांच्या घोडदळाचा एकच दाट घोळका, त्याच्याही उजवीकडे पेंढारी. मध्याच्या आसपास भोसल्यांचे पायदळ आणि तोफा, डावीकडे भोसल्यांचे घोडदळ. भोसल्यांची फौज रघूजीराजांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्या बापू यांच्या हुकमात होती. शिंद्यांचे कवायती कंपू असईलाच मोडले होते, म्हणून इथे त्यांचे फक्त स्वार उरले होते.

दिवस कलता होता. या अक्षांशावर नोव्हेंबरअखेर सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. सहा मैलांची चाल वजा केली की लढाईला फार तर तास-दीड तासाचा उजेड उरतो. आणखी एक तास उजेड असता तर शत्रूचा एकही माणूस सुटला नसता, असे वेलस्लीने लिहिले आहे आणि हा हिशेब त्याच्याशी जुळतो. पाठलाग चांदण्यात झाल्याचे समकालीन वृत्तान्तात आहे. चंद्राच्या गतीचे गणित मागे नेले तर पौर्णिमा नेमकी याच रात्रीच्या आसपास पडते. म्हणजे ही चांदण्याची गोष्ट कोणी मागाहून रंग भरायला घातलेली नाही.

आता तोफा. पलटण रस्त्याने चालते तेव्हा ती लांबट रांगेत असते. समोरून आलेला लोखंडी गोळा जमिनीवर टप्पे घेत जातो आणि एकामागे एक असलेली माणसे कापत जातो. अशा रांगेतून उलट गोळीबार करता येत नाही, सोसणे एवढेच हातात असते. मन्या बापूच्या गोलंदाजांनी नेमकी हीच वेळ साधली, इंग्रज पायदळ चालीतून फळीत वळत असतानाची. तीन पलटणी मोडल्या त्या यामुळे. हे काम जुन्यापुराण्या हत्यारांचे नव्हे, चांगल्या तोफांचे आणि कसलेल्या हातांचे होते. त्या गोलंदाजांपैकी एकाचेही नाव या कागदांत नाही. याची मला मनापासून खंत वाटते, कारण त्या संध्याकाळची सर्वांत अचूक कामगिरी त्यांची होती.

फळी आडवी पसरली की तोच गोळा एकदोघांनाच लागतो. पळालेल्यांना वेलस्लीने पुन्हा उभे केले, पायदळ पुढच्या ओळीत आणि घोडदळ मागे ठेवले. निजामाचे आणि म्हैसूरचे स्वार डाव्या अंगाला घातले आणि उजवे अंग थोडे पुढे काढून सगळी फळी चालवली, म्हणजे दाब आधी मराठ्यांच्या डाव्या बगलेवर यावा. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे ही युक्ती फार जुनी आहे. इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या रणात थीब्जचा सेनापती एपामिनोंडास याने डावे अंग पन्नास माणसांच्या खोलीचे करून पुढे ढकलले, दुबळे उजवे अंग मागे राखले आणि अजिंक्य मानलेले स्पार्टाचे भालाईत मोडले. वेलस्लीची फळी पातळच होती, तिला ती खोली नव्हती. पण शत्रूची सगळी रांग एकाच वेळी अंगावर घ्यायची नाही, हे सूत्र तेच.

मग मराठ्यांकडून दोन हल्ले झाले. मध्यातून एक मोठी तुकडी 74 व्या आणि 78 व्या या स्कॉटिश पलटणींवर चालून गेली. अहवालात हे लोक इराणी असावेत असा अंदाज आहे. भोसल्यांच्या पदरी अरबही होते. समोर संगीन चढवलेली बंदूक म्हणजे जवळजवळ सहा फुटांचा भाला, आणि जवळ पोचेपर्यंत तोंडावर गोळ्यांची फैर. ही माणसे मागे फिरली नाहीत, जागच्या जागी संपली. दुसरीकडे शिंद्यांच्या घोडदळाने इंग्रजांच्या डाव्या टोकाला मद्रासच्या 6 व्या रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीवर घोडे घातले आणि मार खाऊन ते परतले.

हे दोन्ही हल्ले एकमेकांपासून फार लांब झाले. पायदळ तलवारी उपसून गेले तेव्हा बाजूला स्वार नव्हते, स्वार उधळले तेव्हा पुढे वाट मोकळी करायला तोफा नव्हत्या. पाच मैलांच्या रांगेत दोन सरदारांच्या फौजा, दोन हुकूम आणि त्यांतल्या एकाचे वकील अजून बोलणीत. तीन पलटणी पळाल्या तो क्षण हल्ल्याचा होता, आणि तो कोणी उचलला नाही. शेवटी मराठ्यांची फळी मोडली, 38 तोफा आणि दारूगोळा इंग्रजांच्या हाती लागला. 1851 साली इंग्रजांनी जुन्या शिपायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया' पदक काढले, त्याच्या फितीवर बसवायच्या पट्ट्यांत अडगाव आहे आणि गाविलगडही.

अडगावहून सुटलेल्या कवायती पायदळाचा मोठा भाग गाविलगडात शिरला. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहाने 1425 मध्ये बांधला. दक्षिणेला ताशीव कडा आणि त्यावर आतला किल्ला, उत्तर आणि वायव्येला बाहेरचा किल्ला, त्याच्याही पुढे लबाडा गावाकडे तोंड केलेली तिसरी भिंत. फक्त त्या उत्तरेकडून जमीन किल्ल्याच्या पातळीला येते. तिथे पोचायला एलिचपूरहून तीसेक मैल मेळघाटातून जावे लागत होते. स्टीव्हन्सनच्या लोकांनी 7 ते 12 डिसेंबर वाट स्वतः तोडत, जड तोफा हातांनी ओढत तिथे नेल्या. त्यांत अठरा पौंडी लोखंडी तोफा होत्या. अशी एक तोफ सुमारे दोन टनांची, तिचा गोळा आठ किलोंचा. 12 च्या रात्री मोर्चे बांधले, 13 ला मारा सुरू झाला, 14 च्या रात्रीपर्यंत भिंतीला खिंडारे पडली. दक्षिणेकडे वेलस्लीनेही तोफा लावल्या होत्या, पण जड तोफा नेमक्या जागी चढल्याच नाहीत. तिकडचा मारा भिंत पाडण्यापेक्षा किल्लेकऱ्यांचे लक्ष वेधण्याच्याच कामी आला.

15 डिसेंबरच्या सकाळी लेफ्टनंट कर्नल केनी खिंडारातून आत शिरला आणि त्यात घायाळ होऊन पुढे मेला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याची भिंत शाबूत होती. कॅप्टन कॅम्पबेलने 94 व्या पलटणीतले हलके पायदळ घेऊन तिला शिड्या लावल्या, वर चढला आणि आतून दरवाजा उघडला.

इथे इंग्रजांचाच कागद पुन्हा एक गोष्ट सांगून जातो. किल्ल्यातले लोक इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्याच बंदुका आणि संगिनी घेऊन लढत होते. हत्यार दोन्ही बाजूंना एकच होते. कमी पडली ती शिड्यांसमोरची भिंत माणसांनी भरून ठेवण्याची तजवीज. बाहेरचा तट पडल्यावर लोक दरवाजांकडे लोटले आणि सर्वांत जास्त माणसे दरवाजांतच मारली गेली. किल्ल्यातल्या पायदळाचा नायक, रजपूत बेनीसिंग, त्या ढिगात सापडला. इंग्रजांची या हल्ल्यातली हानी मेलेले आणि जखमी मिळून सव्वाशेच्या आसपास. किल्लेकऱ्यांच्या आकड्याच्या जागी अहवालात नुसते 'पुष्कळ' या अर्थाचे शब्द आहेत.

दोन दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावला रघूजी भोसल्यांशी तह झाला. कटक, बालासोर आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, आणि वऱ्हाड निजामाच्या पदरात पडले. त्याच तहाने गाविलगड आणि नरनाळा, भोवतालच्या चार लाखांच्या मुलखासह, भोसल्यांकडेच ठेवले. ज्या दरवाजांत एवढी माणसे पडली, तो गड त्यांच्या धन्याला तिसऱ्या दिवशी कागदावर परत मिळाला होता.